घोंगड्यातली कुसळं

आमच्या मालकांना परदेशात न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. घोंगडं बरोबर येणार. ते येणार नसेल तर तुमी तिघं जाऊन या, मी हितं आणे गावच्या पठारावर लई बरा हाय.

आता हे घोंगडं काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला येडेपणाच वाटेल. तो आहेच म्हणा, पण त्याला कारण आहे. आमच्या घरात आजे-पणजे सगळे मेंढरं राखणारे. चार वर्षांमागं मालकांचे गुडघे गेले, चढ चढवेना, आणि साठच्या साठ मेंढरं देऊन टाकावी लागली. देण्याआधी शेवटची कातरणी केली आणि त्या लोकरीचं सणगराकडून एक घोंगडं विणून आणलं. मेंढरं गेली, त्यांच्या अंगावरचं एवढंच घरात राहिलं. मालक शेतात बसले की ते खाली, झोपले की वर, ऊन झालं की डोक्यावर. कधी मधे त्याच्यावरून हात फिरवतात आणि मला दाखवतात, "ही बघ, हितं बांडी मेंढीची लोकर आलीय. ही काळीची." मला दोन्ही सारखंच दिसतं. मी हो म्हणते.

न्यूझीलंड हे गाव निवडलं ते माझ्या मुलानं. गाव नाही, देश आहे तो, पण आमच्याकडे सगळे "न्यूझीलंडला गेले व्हते का तुमी" असं आळेफाट्याला गेल्यासारखंच विचारतात. मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्यानं मालकांना मोबाईलवर दाखवलं होतं, की एक कुत्रं एकटं हजारभर मेंढरं डोंगरावरून खाली आणतंय. मालकांनी ते किती वेळा बघितलं ते देवाला ठाऊक. मुलगा म्हणाला, दादांना घराबाहेर काढायचं तर तिथंच न्यायला पाहिजे, दुसरीकडं कुठं ते येणार नाहीत. दिवाळीची सुट्टी धरून तिकिटं काढली.

सगळी आखणी सुनेची. ती पेठची, हायवेच्या कडेला वाढलेली, तिला सगळं वेळेवर लागतं. कागदावर तिनं तासातासाचं लिहून काढलं होतं. उतरल्या दिवशी दुपारी एक वाजता तळ्यातली मोठी बोट, त्याचंही आधीच ठरवून ठेवलेलं. फक्त घोंगड्याला त्या कागदात जागा नव्हती.

"आत्या, मामांना सांगा ना," ती मला म्हणाली. "तिथं हॉटेलात गाद्या आहेत, ब्लँकेटं आहेत. हे कुबट वास मारतं."

"तूच सांग," मी म्हटलं. "माझं चाळीस वर्षांत ऐकलं न्हाई त्यांनी, तुझं ऐकत्याल."

तिनं सांगितलं नाही.

निघताना माझ्या जावेनं माझी ओटी भरली. मुंबईला निघाले तरी ती ओटी भरते, इथं तर समुद्र ओलांडायचा होता. मुलानं नारळ तेवढा अंगणातच काढून घेतला, म्हणाला, आई, हे विमानात चालत नाही. दिला बिचाऱ्याला. तांदूळ आणि हळकुंड मी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. ओटीची गाठ वाटेत सोडायची नसते आमच्यात, परत घरी येऊनच सोडायची. पदर कमरेला खोचला आणि विसरून गेले.

विमानात एक फॉर्म आला. मुलगा वाचत होता आणि मी ऐकत होते. खायचं काही आणलंय का, बिया आणल्यात का, जनावरापासून केलेली वस्तू आहे का, गेल्या महिन्यात जनावरांजवळ गेला होता का. मुलगा खालपर्यंत सरळ नाही, नाही, नाही अशा खुणा करत गेला, जसा शाळेत गणिताचा पेपर सोडवायचा. मालक शेजारी घोंगडं डोक्यावरून घेऊन घोरत होते.

"अरे, घोंगडं?" मी म्हटलं.

"आई, घोंगडं म्हणजे काय जनावर आहे का?"

मला ते पटलं.

तिथं उतरलो तेव्हा सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. असलं स्वच्छ की थुंकी गिळायलासुद्धा लाज वाटावी. बॅगा यायची वाट बघत उभे होतो. तेवढ्यात एक बाई एका लहानशा कुत्र्याला घेऊन आली. पांढरं-तांबडं, कान असे लोंबणारे, अंगात हिरवं जाकीट. कुत्रं सगळ्यांच्या सामानाला नाक लावत लावत आलं, आमच्या मालकांपाशी थांबलं आणि त्यांच्या पायाशी गपकन खाली बसलं.

मालकांचा चेहरा असा खुलला. "बघ," ते मला म्हणाले. "वळखलं त्यानं. मुक्या जनावराला माणूस कळतो." आणि खाली वाकून त्याच्या कानामागं खाजवायला लागले. ती बाई हाताने नको नको करायला लागली, तर मालक तिला म्हणतात, "असू द्या बाई, चावत न्हाई त्ये."

मुलाचा चेहरा मात्र पडला. त्याला कळलं होतं की कुत्रं बसलं म्हणजे त्याला काहीतरी सापडलं. आम्हाला चौघांना एका बाजूला नेलं. तिथं लांबलचक स्टीलचं टेबल आणि त्यामागं एक साहेबीण. वयानं माझ्याएवढीच, केस बारीक कापलेले, हातांवर ठिपकेच ठिपके, आणि कमरेला ही एवढी किल्ल्यांची जुडी. चेहऱ्यावर हसू नाही, पण राग पण नाही. तिनं फॉर्मसाठी हात पुढे केला. मुलगा फॉर्म द्यायच्या आधीच म्हणाला की थोडं चुकलंय, दुरुस्त करून देतो. हे बरं केलं त्यानं. ती नंतर म्हणाली, तसाच दिला असतास तर गोष्ट वेगळी झाली असती.

मग विचारपूस. ती इंग्रजीत विचारणार, मुलगा मराठीत सांगणार, मालक उत्तर देणार आणि मुलगा त्यातलं निम्मंच तिला सांगणार, असं चाललं.

"दादा, घोंगडं कशाचं आहे विचारतायत."

"सांग की, आपल्याच मेंढरांचं. साठ व्हती म्हणावं."

तिनं घोंगड्याला हात लावला, चुरगाळून बघितलं आणि एवढं कडक का म्हणून विचारलं. आता हे मला कळलं, कारण तिनं बोटानं टकटक करून दाखवलं. आणि मला ठाऊक असलेलं कुणी विचारलं की मला गप्प बसवत नाही.

"चिंचोक्याची खळ देत्यात त्याला," मी म्हटलं. "म्हंजे पाणी आत जात न्हाई."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "आई, चिंचोका म्हणजे बी असतं."

"मग? शिजवून वाटलेलं असतंय. त्याला काय आता झाड येतंय का?"

त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण तिनं मान हलवली.

"दादा, जनावरांजवळ शेवटचं कधी गेला होता?"

"निघायच्या सकाळीच. चुलत्याच्या वाड्यावर गेलो व्हतो मेंढरांकडं. कोकराला न सांगता कसा निघू?"

"कोकराला सांगून आलात?"

"मंग. माझ्याच हातानं झालंय त्ये. गेल्या साली मेंढी अडली व्हती, ह्याच घोंगड्यात घेतलं त्याला. सांग तिला."

"हे नाही सांगत मी," मुलगा म्हणाला.

"सांग. लपवायचं कशापायी? काय चोरी केलीय का?"

सून खाली बघून कागदाची घडी करत होती, उलगडत होती. मला एव्हाना हसू यायला लागलं होतं. मला घाबरले की हसू येतं, लहानपणापासून. लग्नात अक्षता पडताना पण आलं होतं.

मुलानं सांगितलं. साहेबिणीनं पेन खाली ठेवलं. मालकांना उद्देशून काहीतरी बोलली. मुलगा म्हणाला, "त्या विचारतायत, कोकरू आडवं होतं का पायाळू."

"पायाळू," मालक म्हणाले.

ती म्हणाली, तिचा बाप आणि भाऊ दोघं मेंढरंच राखायचे. भावाची अजून आहेत. किती? चार हजार.

मालकांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा त्या बाईकडे संशयाने बघितलं. "चार हजार? मंग वळखतो कसा त्यो एकेकीला?"

मुलानं विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, नाही ओळखत.

"मंग राखतो म्हणू नको म्हणावं," मालक मला हळूच म्हणाले. हे मात्र मुलानं सांगितलं नाही, आणि बरंच केलं.

आधी तिनं मालकांच्या वहाणा मागून घेतल्या. पिशवीत होत्या, जुन्या कातड्याच्या, तळाला चुलत्याच्या वाड्यावरची लेंडी-माती चिकटलेली. त्या आत घेऊन गेली आणि धुऊन, पुसून परत आणल्या. मालक त्या हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. माझ्या हातून त्या वहाणा कधी एवढ्या स्वच्छ झाल्या नव्हत्या, आणि ते मालकांनी लगेच बोलूनही दाखवलं.

मग घोंगडं टेबलावर पसरलं आणि वरचा मोठा दिवा लावला. तेव्हा दिसली कुसळं. आमच्या पठारावर दुसरं काय आहे? पाऊस उतरला की गवताला कुसळं येतात, लुगड्याला, धोतराला, मेंढरांच्या अंगाला, जिथं जागा मिळेल तिथं घुसतात. आम्ही कधी लक्ष दिलं नाही. त्या दिव्याखाली मात्र असं वाटलं की अर्धं पठार आम्ही घडी करून आणलंय.

साहेबीण मुलाशी सावकाश बोलली. मग तो आमच्याकडे वळून म्हणाला, "आई, हे गवताचं बी आहे. हे इथं रुजलं तर त्यांच्या मेंढरांच्या कातड्यात घुसतं म्हणे. असं आत नेता येणार नाही. एक तर एकही कुसळ न ठेवता साफ करायचं, त्या तपासतील. नाहीतर जाळून टाकायचं."

"साफ करतील ना त्या?"

"चिमट्यानं करून बघितलं त्यांनी. तुटतंय, टोक आतच राहतंय. आणि बारा वाजता त्यांची पाळी संपते. पुढचे साहेब थांबतील असं नाही."

भिंतीवर घड्याळ होतं. सव्वादहा.

"दादा," मुलगा म्हणाला, "मी दुसरं घेऊन देतो तुम्हाला. ह्याच्यापेक्षा चांगलं."

माझं हसू थांबलं. मालकांनी घोंगड्याची एक कड हातात धरली होती, आणि मला वाटलं आता हे म्हणणार, परत चला. पुढच्या विमानात बसवा. हा माणूस असा आहे, बसलाही असता.

तसं काही झालं नाही. त्यांनी चष्मा पुसला, बाह्या वर सारल्या आणि साहेबिणीच्या हातातला चिमटा काढून बाजूला ठेवला. "त्ये माघारी वढून निघत न्हाई, बाई," ते तिला सरळ मराठीतच म्हणाले. "त्याला उलटं काटं असत्यात. जिकडं शिरलंय तिकडनंच फुडं काढायचं. अशानं." आणि घोंगडं उलटं करून, खालून बोटानं दाबून, कुसळाचं टोक वर आणून, पुढच्या अंगानं अलगद ओढून काढलं. अख्खं. बारीक शेपटीसकट. तिच्या हातावर ठेवलं.

तिनं ते दिव्याखाली धरलं. मग एक झाकणाची डबी आणली, चार खुर्च्या आणल्या आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

चौघं बसलो. आता हे चित्र डोळ्यांपुढं आणा तुम्ही. परदेशातलं विमानतळ, बाहेर काचेतून निळं आभाळ, चकचकीत टेबल, आणि त्याच्याभोवती आण्याचं एक कुटुंब तांदूळ निवडायला बसल्यासारखं बसलंय. माणसं ट्रॉल्या ढकलत जाताना थांबून बघायची. मुलाला लाज वाटत होती, त्यामुळे त्याच्या हातून तुटायची.

"तुझं राहू दे," मालक म्हणाले. "तू घड्याळ बघ. कंपनीत तेच करतोस ना."

आणि खरं काम कुणी केलं असेल तर सुनेनं. दिवाळीसाठी तिनं ही एवढी नखं वाढवली होती, लाल रंगवलेली. मी त्यावरून तिला काय काय बोलले होते ते आता लिहीत नाही. त्या नखांत कुसळ असं बरोबर धरलं जायचं की काय सांगू. मालक खालून दाबायचे, ती वरून ओढायची. दाबायचे, ओढायची. थोड्या वेळानं दोघांची अशी लय लागली की मशीन झक मारेल.

"मामा, हे बघा, हे दोन एकात एक आहेत."

"त्ये काळीच्या अंगावरचं हाय. काळी नेमकी गवतात शिरायची."

"तुम्हाला कसं कळतं काळीचं?"

"हात फिरीव. हितं लोकर राठ लागंल."

तिनं हात फिरवला. "हो की," म्हणाली. चाळीस वर्षांत मला जे कळलं नाही ते हिला एका तासात कळलं, किंवा तीही माझ्यासारखीच हो म्हणत असेल.

साडेअकराला साहेबिणीनं पहिली तपासणी केली. भिंग घेऊन, एकेक वीत. सात सापडली. पुन्हा बसलो. पावणेबाराला एक सापडलं. सुनेनं बोटीचा कागद उलटा करून त्याच्यावर काढलेली कुसळं ठेवायला सुरुवात केली, कारण डबी लांब पडत होती. बोटीचं कुणी काही बोललंच नाही.

बाराला पाच कमी असताना साहेबीण तिसऱ्यांदा वाकली. कडेपासून कडेपर्यंत गेली, उलटं केलं, परत गेली. मग सरळ उभी राहिली आणि दोन्ही हात रिकामे करून दाखवले.

"झालं?" मालकांनी विचारलं.

"एकदा कुत्रं फिरवणार, मग झालं," मुलगा म्हणाला.

ते हिरव्या जाकिटातलं पुन्हा आलं. घोंगड्याला नाक लावलं, वहाणांना लावलं, मालकांकडे बघून शेपूट हलवली आणि पुढे चाललं. आम्ही हसायला लागलो. तेवढ्यात ते वळलं, टेबलाला वळसा घालून आलं आणि माझ्यापुढं येऊन गपकन बसलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला कशाला, मी काय आणलंय. आणि बोलता बोलता हात कमरेला गेला आणि गाठ लागली.

मालक हसायला लागले ते थांबेचनात. टेबलाला धरून हसले, डोळ्याला पाणी आलं तरी हसले. "दोन तास मला हसली ही," ते साहेबिणीला सांगायला लागले, "दोन तास. आता बघ हिच्या पदरात काय निघतंय." तिला एक अक्षर कळलं नाही, तरी तीही हसायला लागली. मुलगा कपाळाला हात लावून, "आई, आई," एवढंच.

गाठ सोडावी लागली. वाटेत सोडायची नसते, पण मी मनात म्हटलं, कुत्र्यानं मागितली, काय करणार. तांदूळ आणि हळकुंड त्यांच्या डब्यात गेलं. साहेबिणीला वाटलं मला वाईट वाटलं असेल, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी सुनेला म्हटलं, सांग तिला, ओटी असते ही, बाई घरी सुखरूप परत यावी म्हणून. सुनेनं सांगितलं. साहेबीण आत गेली, आणि कागदात गुंडाळलेली चार बिस्किटं आणून माझ्या पदरात घातली. कुणी सांगितलं नव्हतं तिला पदरात घालायला. मी तिथंच गाठ मारली.

मग ती घोंगड्याची घडी घालायला लागली आणि मालकांना ते बघवेना. त्यांनी ते तिच्या हातून घेतलं, दोन कोपरे एकात घातले आणि पावसात करतो तशी खोळ करून सरळ तिच्या डोक्यावर चढवली. मी म्हटलं, मेलो, आता धरून नेतात. ती बाई खोळ घेऊन किल्ल्या वाजवत त्या टेबलापासून दारापर्यंत गेली आणि वळून परत आली. तिच्या जागेवर आलेला नवा साहेब दारातच उभा राहिला होता, त्याच्या हातातला चहा तसाच. तिनं खोळ उतरवली, नाकाशी धरून वास घेतला आणि मालकांच्या खांद्यावर ठेवली.

बोट गेली ती गेलीच. पुढचे आठ दिवस आम्ही डोंगर बघितले, तळी बघितली, चार हजार नाही पण पुष्कळ मेंढरं बघितली, आणि ते मेंढरं आणणारं कुत्रंही बघितलं. मालक कुंपणाला टेकून तासभर उभे होते, घोंगडं खांद्यावर. परत आल्यावर पारावर माणसं विचारतात, काय बघितलं तिकडं, तर ते डोंगराचं सांगत नाहीत. म्हणतात, "सायबिणीनं माझ्या वहाणा धुतल्या."

सून हल्ली सुट्टीला आली की त्यांच्याशेजारी ओट्यावर बसते. नखं अजून लाल आहेत. मी काही बोलत नाही.

आणि घोंगड्याचं म्हणाल तर, घरी आलो त्याच दिवशी संध्याकाळी मालक ते घेऊन चुलत्याच्या वाड्यावर गेले. कोकराला आलो म्हणून सांगायला. गवतात अंथरून बसले. दिवे लागायला आले तेव्हा परतले, तर घोंगडं कडेपासून कडेपर्यंत कुसळांनी भरलेलं.

"अहो, हे काय," मी म्हटलं. "दोन तास बसून काढली आमी."

ते खांद्यावरून घोंगडं काढून मला दाखवायला लागले. "असू दे," म्हणाले. "पुन्हा गेलो तर त्या बाईला काय काम नको का?"